चित्रयंत्राचा साचा आणि आपला गाव
(परिसर अभ्यास : इयत्ता ५ ते ७)

हेतू : शब्दांत वर्णन दिले असता क्षणात चित्र काढून देणारी संगणकयंत्रे आता शाळांपर्यंत पोहोचली आहेत. तक्ते व पाठचित्रे त्यांच्याकडून करून घेण्याचा मोह साहजिक आहे. अशा चित्रांत पूर्वग्रह कसा शिरतो हे ओळखून, चित्र परिसराशी पडताळून पाहण्याची सवय मुलांस लावणे, हा या पाठाचा हेतू होय.

पूर्वतयारी : कोणतीही सूचना न देता मुलांकडून 'डॉक्टर', 'शेतकरी' व 'स्वयंपाक करणारी व्यक्ती' अशी तीन चित्रे काढून घ्यावीत. ती भिंतीवर लावून प्रत्येक प्रकारात पुरुष किती व स्त्रिया किती, हे मुलांनाच मोजावयास सांगावे. चित्रे एकसुरी निघाल्यास मुलांना दोष देऊ नये. घरी व पुस्तकांत जे वारंवार पाहिले, तेच हातून उतरते.

विषयविवेचन : यंत्रही असेच शिकते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'लायन-५बी' या संग्रहात चित्र व त्याचा मजकूर अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या असून, त्यांपैकी सुमारे २३२ कोटींचा मजकूर इंग्रजी आहे. अशाच सामग्रीवर 'स्टेबल डिफ्यूजन' हे यंत्र तयार झाले. यंत्र वस्तुस्थिती जाणत नाही. शब्दाशी जे रूप अधिक वेळा जोडलेले आढळले, ते पुढे करते.

कित्येकदा साचा वस्तुस्थितीहूनही अरुंद असतो. २०२३ मध्ये 'ब्लूमबर्ग' वृत्तसंस्थेने याच यंत्राकडून न्यायाधीशांची चित्रे काढविली. त्यांत स्त्रिया सुमारे ३ टक्के होत्या. अमेरिकेत प्रत्यक्षात हे प्रमाण ३४ टक्के होते. त्याच वर्षी 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' या नियतकालिकाने 'मिडजर्नी'कडे 'भारतीय व्यक्ती' मागितली. तेव्हा बहुतेक सर्व चित्रांत दाढीवाला, पागोटे घातलेला वृद्ध पुरुषच उमटला.

स्थानिक उदाहरण : मुंबई उपनगर जिल्ह्यातील गोराई हे गाव घ्यावे. 'मुंबई' म्हणताच उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. परंतु बोरिवलीहून गोराईस जाण्यासाठी खाडी होडीने ओलांडावी लागते, नाहीतर भाईंदर-उत्तनमार्गे लांबचा वळसा घ्यावा लागतो. येथे राहणाऱ्या ख्रिस्ती ईस्ट इंडियन समाजाने हे नाव १८८७ च्या सुमारास स्वीकारले. त्यांची आडनावे पोर्तुगीज वळणाची, बोली मराठी, आणि सणासमारंभात स्त्रियांच्या अंगावर लुगडे. 'मराठी स्त्री' व 'ख्रिस्ती स्त्री' हे दोन निराळे साचे मानणाऱ्यास या स्त्रीसाठी जागा सापडत नाही. शाळेच्या एकाही तक्त्यात आपल्या आजीसारखी आजी न दिसलेल्या मुलीस आपले घरच अपवाद वाटू लागते. साच्याने होणारी खरी हानी ही होय.

सामान्यीकरण : यावर सरसकट उपाय चालत नाही. 'गूगल'च्या 'जेमिनी' यंत्राने विविधता आणण्याच्या भरात इतिहासकाळच्या व्यक्तीही चुकीच्या रंगविल्या. त्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये माणसांची चित्रे काढणे थांबवावे लागले. विचारपूर्वक बदल मात्र साधतो. 'बालभारती'ने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकात आई व वडील मिळून घरकाम करीत असल्याची चित्रे दिली. सारांश, चित्र हा पुरावा नव्हे. पुरावा परिसरात शोधावा.

शिक्षकांस सूचना : (१) यंत्राचे चित्र वर्गात लावण्यापूर्वी 'यात कोण आहे व कोण नाही?' हा प्रश्न मुलांस विचारावा. (२) यंत्रास वर्णन देताना गाव, वय, वेष व काम स्पष्ट लिहावे. तरीही चूक राहिल्यास चित्र टाकून द्यावे. (३) मुलांची छायाचित्रे यंत्रास देऊ नयेत.

स्वाध्याय : प्रत्येक मुलाने गावातील काम करणाऱ्या तीन व्यक्तींस भेटून, त्यांचे काम, वेष व अवजारे पाहून चित्र काढावे व खाली दोन वाक्ये लिहावीत. ही चित्रे पहिल्या दिवशीच्या चित्रांशेजारी लावावीत. दोहोंतील फरक मुलांनी स्वतः सांगितला, म्हणजे पाठ साधला असे समजावे.