मारखोरची शिंगे आणि अमानतीचा सवाल

गेल्या हिवाळ्यात असरच्या नमाजनंतर आमच्या मशिदीत सूरह अल-माइदहचा दर्स चालू होता. शिकारीविषयीच्या आयतींचे विवेचन संपले तेव्हा महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने मोबाइलवरील एक छायाचित्र माझ्यापुढे धरले. पीळदार शिंगांचा एक भव्य रानबोकड मरून पडलेला, आणि त्यामागे गुडघा टेकून हसत बसलेला एक परदेशी शिकारी. तरुणाने विचारले, “मौलाना, हा माणूस एका बोकडाच्या शिकारीसाठी लाखभर डॉलर मोजतो. हे हलाल की हराम?” मी क्षणाचाही विलंब न लावता ‘हराम’ म्हणून मोकळा झालो. तो थोडा थांबला आणि म्हणाला, “पण त्याच पैशातून तिथल्या गावांना पाणी आणि शाळा मिळते, आणि तो प्राणीही वाचला आहे, असे वाचले. मग त्या गावकऱ्यांनी काय करावे?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मदरशात आमचे उस्ताद वारंवार बजावत असत की, एखाद्या गोष्टीचे नीट आकलन झाल्याशिवाय तिच्याविषयी हुकूम देऊ नये. तो धडा मी विसरलो होतो. म्हणून मी त्याच्याकडून मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जे वाचले आणि समजले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

वस्तुस्थिती काय आहे?

प्राण्याचे मुंडके, शिंगे किंवा कातडे स्मृतिचिन्ह म्हणून जवळ ठेवण्यासाठी केलेल्या शिकारीला ‘ट्रॉफी हंटिंग’ म्हणतात. त्या छायाचित्रातील प्राणी मारखोर हा होता. डोंगरकड्यांवर राहणारी ही रानबकऱ्याची जात पाकिस्तान, अफगाणिस्तान, ताजिकिस्तान आणि आसपासच्या पर्वतराजीत आढळते. आपल्या देशात काश्मीरच्या डोंगरांतही तिचे थोडे कळप आहेत. पाकिस्तानचा तो राष्ट्रीय प्राणी होय.

बलुचिस्तानात किल्ला सैफुल्लाह जिल्ह्यात तोरघर नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे काकर पठाणांची वस्ती आहे. शिकार ही तेथील जुनी रीत. परंतु काडतुसे महाग आणि बंदुका जुन्या होत्या, तोवर प्राणीही टिकून होते. १९७९ नंतर अफगाणिस्तानात युद्ध पेटले आणि स्वयंचलित शस्त्रे व दारूगोळा त्या भागात स्वस्त झाला. पाहता पाहता डोंगर ओस पडले. १९८०च्या दशकाच्या मध्यास तोरघरात शंभर मारखोरही उरले नसावेत, असा अंदाज होता.

तेव्हा तेथील सरदार नवाब तैमूर शाह जोगेझाई यांनी अमेरिकेतील वन्यजीवतज्ज्ञांचा सल्ला घेऊन एक मार्ग काढला. सर्वांसाठी शिकार बंद करायची. जे स्थानिक लोक उत्तम शिकारी होते, त्यांनाच पगारी राखणदार नेमायचे. आणि त्यांच्या पगारासाठी वर्षाकाठी अगदी मोजक्या वयस्क नरांच्या शिकारीचा परवाना परदेशी शिकाऱ्यांना मोठ्या शुल्कावर द्यायचा. २००५च्या गणनेत तोरघरातील मारखोरांची संख्या अडीच हजारांच्या घरात पोहोचली होती.

पुढे हीच पद्धत चित्राल आणि गिलगिट-बाल्टिस्तानातही रुजली. वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइटीस’ कराराने १९९७ साली पाकिस्तानला वर्षाला सहा मारखोर-ट्रॉफींची मर्यादा घालून दिली. २००२ साली ती बारा झाली. शुल्कातील ८० टक्के वाटा स्थानिक समाजाला आणि २० टक्के शासनाला, असा नियम आहे. २०१९ साली गिलगिट-बाल्टिस्तानात एका शिकाऱ्याने एका परवान्यासाठी १,१०,००० डॉलर भरले. आणि २०१५ साली मारखोर जागतिक लाल यादीत ‘धोक्यात आलेल्या’ वर्गातून निघून ‘धोक्याच्या सीमेवरील’ वर्गात आला.

ही या प्रश्नाची एक बाजू झाली. दुसरी बाजू झिम्बाब्वेत दिसते. २०१५ साली ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाच्या सिंहाला एका परदेशी शिकाऱ्याने बाण मारला. अभ्यासकांनी त्या सिंहाच्या गळ्यात माग काढणारा पट्टा बसविलेला होता. जखमी सिंह अनेक तास तडफडत राहिला आणि मग त्याला ठार करण्यात आले. जगभर संताप उसळला. ट्रॉफी शिकारीचे विरोधक म्हणतात की, अनेक ठिकाणी पैसा गावापर्यंत पोहोचतच नाही, परवान्यांची संख्या लाचेने वाढते आणि जिवाचा लिलाव होतो. समर्थक केनियाकडे बोट दाखवितात. तेथे १९७७ सालीच शिकार बंद झाली, तरीही पुढील चार दशकांत कुरणांतील वन्यप्राणी मोठ्या प्रमाणात घटले. वाढती वस्ती, कुंपणे, पाळीव गुरे आणि चोरटी शिकार अशी त्याची कारणे अनेक आहेत. मात्र केवळ बंदीने प्राणी वाचत नाहीत, एवढे त्यावरून निश्चित होते.

शरीअत शिकारीविषयी काय सांगते?

शिकार मुळात मुबाह, म्हणजे परवानगी असलेली गोष्ट आहे. सूरह अल-माइदहच्या चौथ्या आयतीत शिकविलेल्या जनावरांकरवी केलेल्या शिकारीची परवानगी आहे आणि त्यावर अल्लाहचे नाव घेण्याचा आदेश आहे. त्याच सूरहमध्ये इहरामच्या अवस्थेत जमिनीवरील शिकार निषिद्ध ठरविली आहे. म्हणजे ही परवानगी अमर्याद नाही. काळ, स्थळ आणि हेतू यांच्या सीमा तिला आहेत.

हेतूची सीमा हदीसमध्ये अधिक स्पष्ट होते. काही तरुण एक कोंबडी बांधून तिच्यावर नेमबाजी करीत होते. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी त्यांना पाहिले आणि सांगितले की, सजीवाला निशाण्याचे लक्ष्य बनविणाऱ्यावर प्रेषित (स.) यांनी लानत केली आहे. प्रेषित (स.) यांनी असेही शिकविले की, प्राणी कापायचा तर सुरी धारदार करावी आणि त्याला कमीत कमी यातना द्याव्यात. इमाम नसाई यांच्या संग्रहात अशी रिवायत आहे की, विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहकडे फिर्याद मांडील. या रिवायतीच्या सनदीविषयी मुहद्दिसांत चर्चा आहे. तथापि तिचा आशय इतर सहीह हदीसशी जुळतो. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी युद्धावर निघालेल्या सैन्यालाही खाण्याच्या गरजेखेरीज बकरी किंवा उंट मारू नये, अशी ताकीद दिली होती.

याच आधारावर हनफी फुकहांनी केवळ करमणुकीची शिकार नापसंत ठरविली. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफिई मसलकाचे आहेत, त्यात तर खाण्याजोगा प्राणी खाण्याच्या हेतूशिवाय मारण्यास मनाई आहे. तेव्हा ज्याला केवळ भिंतीवर शिंगे लावायची आहेत, त्याच्या कृत्याला शरीअतीत सत्कृत्याचे स्थान मिळू शकत नाही. माझे पहिले उत्तर इथवर बरोबर होते.

एक घटना, दोन हिशेब

माझी चूक अशी की, मी एकाच माणसाचा हिशेब मांडला. त्या डोंगरावर शिकारी आहे तसा राखणदारही आहे.

सहीह मुस्लिममधील एक हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. कयामतच्या दिवशी ज्यांचा निवाडा सर्वांत आधी होईल, त्यांत एक दानशूरही असेल. त्याने भरपूर खर्च केला, परंतु लोकांनी उदार म्हणावे म्हणून. त्याला जहन्नममध्ये टाकले जाईल. आता विचार करा. त्याच्या दानाने ज्या उपाशी माणसाचे पोट भरले, त्याचे अन्न त्यामुळे हराम झाले काय? नाही. देणाऱ्याची नियत देणाऱ्याच्या खात्यावर आणि घेणाऱ्याची गरज घेणाऱ्याच्या खात्यावर.

शिकाऱ्याच्या डॉलरनी डोंगर राखला गेला म्हणून शिकाऱ्याची हौस पुण्य ठरत नाही. ‘मी निसर्ग वाचवितो’ हे त्याचे म्हणणे त्याच्या नियतीला धुऊन काढीत नाही. तसेच शिकाऱ्याची नियत खोटी म्हणून राखणदाराचे काम मलिन होत नाही. ज्याने स्वतःची बंदूक खाली ठेवली, शेजाऱ्याच्या बंदुकीलाही आवर घातला आणि बर्फात कळपांवर पहारा दिला, त्याने अल्लाहची अमानत सांभाळली. सूरह अल-अनआमच्या ३८व्या आयतीनुसार जमिनीवरील प्राणी आणि आकाशातील पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत. एक समुदाय नष्ट होण्यापासून वाचविणे हे लहान काम नव्हे.

गावात वाटल्या जाणाऱ्या मांसाचा प्रश्न स्वतंत्र आहे. बंदुकीची गोळी लागून जबहपूर्वीच मेलेला प्राणी आपल्या उपखंडातील बहुतेक हनफी उलमा हलाल मानत नाहीत. प्राणी जिवंत सापडून शरई रीतीने जबह झाला, तर त्याविषयी मतभेद नाही.

हिमा : राखलेले रान

वनसंरक्षण हा विचार मुस्लिमांनी कोणाकडून उसना घेतलेला नाही. मक्केच्या हरममध्ये शिकारीला मनाई आहे. प्रेषित (स.) यांनी मदीनेचा परिसरही हरम घोषित केला आणि तेथील शिकार व वृक्षतोड रोखली. याशिवाय ‘हिमा’ म्हणजे राखीव कुरण ही व्यवस्था होती. मदीनेजवळील नकीअ हे अशा कुरणांपैकी एक होय.

हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या काळात हुनय्य नावाच्या मुक्त केलेल्या गुलामाला हिमाचा रखवालदार नेमले. त्याला दिलेला आदेश सहीह बुखारीत आहे. त्याचा सारांश असा : पीडिताच्या बद्दुआपासून सावध राहा. ज्याच्याजवळ थोडेसे उंट आणि थोड्याच बकऱ्या आहेत, त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान (रजि.) यांच्या जनावरांना मात्र थांबव, कारण त्यांची जनावरे मेली तरी त्यांना शेती आणि खजुरीच्या बागा आहेत. गरिबाची जनावरे मेली तर तो लेकरांना घेऊन माझ्याच दारी येईल.

हे दोघेही अशरा मुबश्शरातील थोर सहाबी. तरीही राखीव रानाचा पहिला हक्क अल्पभूधारकाचा, हा नियम ठरला. मारखोरच्या प्रश्नावर हाच निकष लावावा, असे मला वाटते. रान राखण्याचा भार कोणावर पडतो आणि लाभ कोणाला मिळतो? डोंगरातील धनगराच्या बकऱ्यांचा चारा मारखोर खातो. त्याच्या कळपावर लांडगा आणि हिमबिबट्या झडप घालतात. त्याला आपण फक्त ‘मारू नको’ म्हणालो आणि घरी निघून आलो, तर आपली दया फुकटची आहे. तिची किंमत त्याची मुले मोजतात.

मग निर्णय काय?

दोन हानी समोर असतील तर मोठी टाळण्यासाठी धाकटी सोसावी, हा फिकहचा मान्य नियम आहे. परंतु सोसणे म्हणजे पसंत करणे नव्हे, आणि गरज संपली की सवलतही संपते. म्हणून जेथे अशी व्यवस्था आहे, तेथे तिच्याकडून निदान चार गोष्टींची अपेक्षा ठेवली पाहिजे.

१. गणना प्रामाणिक असावी आणि परवाने त्या गणनेवर ठरावेत, मागणीवर नव्हे. मापात खोट करू नये, हा सूरह अर-रहमानचा आदेश येथेही लागू आहे.

२. पैसा ठरल्याप्रमाणे गावात पोहोचावा आणि विधवा, अनाथ व लहान कळपाचे मालक यांना त्यात आधी स्थान असावे.

३. यातना टाळाव्यात. जखमी करून सोडून देणे हा उघड जुलूम आहे. पिल्ले आणि माद्या यांना हात लागू नये.

४. पर्यायाचा शोध चालू राहावा. प्राणी पाहण्यासाठी येणारे प्रवासी, शासनाचे साहाय्य किंवा वक्फचा निधी यांतून राखणदाराचा पगार निघू लागला, तर एकही मुंडके पडण्याचे कारण उरणार नाही.

या अटी जेथे पाळल्या जात नाहीत, तेथे ‘संवर्धन’ हा शब्द केवळ पडदा आहे.

आपल्यासाठी धडा

आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. त्यामुळे ट्रॉफीचा प्रश्न आपल्या दारी नाही. परंतु रात्री बॅटरी घेऊन ससा किंवा भेकर मारणे आणि ‘मांस तर हलालच आहे’ असे म्हणणे, हे आपल्याकडे घडते. प्राणी हलाल असला तरी हे कृत्य योग्य होत नाही. ज्या कायद्याच्या छायेत आपण राहतो, त्याचा करार मोडणे मोमिनाला शोभत नाही, आणि दुर्मीळ झालेला प्राणी हौसेखातर मारणे ही अमानतीत खयानत आहे.

दुसरे असे की, ताडोबाच्या जंगलालगतचे गावकरी वाघाच्या सावलीत जगतात. गुरे गमावतात, कधी घरचे माणूसही गमावतात. वाघ वाचल्याचा आनंद आपण सर्वजण घेतो. त्या आनंदाची किंमत कोण मोजतो, हे घरातील मुलांना सांगितले पाहिजे. आपल्या जकात-सदक्याचा विचार करताना अशा गावांतील गरजू कुटुंबांची आठवण ठेवली, तर तीही हिमाचीच राखण होईल.

त्या तरुणाला मी पुढील दर्समध्ये उत्तर दिले. शिकाऱ्याची हौस मला मान्य नाही; राखणदाराला मी दोष देणार नाही; आणि आपण राखणदाराला दुसरा मार्ग दाखवू शकलो नाही, याची जबाबदारी आपल्यावरही आहे. तो म्हणाला, “म्हणजे मौलाना, हराम म्हणून आपण सुटत नाही.” मी म्हणालो, “नाही बेटा, सुटत नाही.”

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या सृष्टीची अमानत ओळखण्याची, न्यायाने बोलण्याची आणि निर्बलांच्या हक्काचे भान ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.