आमच्या अंगणातील डास

डास हा कीटक आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तो दिसायला लहान असतो, पण त्याच्यामुळे हिवताप, डेंग्यू, चिकुनगुनिया असे रोग पसरतात. गेल्या श्रावणात माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाला. पाच दिवस तो दवाखान्यात होता. त्याचे अंग इतके दुखायचे की कोणी हात लावला तरी रडायचा. आई रात्रभर जागी असायची. म्हणून मी हा विषय घेतला.

आमचे घर मळ्यात आहे. आजी म्हणायची, "हे डास नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावरून येतात." तिथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचे पाणी अडवले आहे. मलाही ते खरे वाटायचे. पण आशाताई घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "आजी, डेंग्यूचा डास एवढ्या लांबून उडत येत नाही. जिथं जन्मतो त्याच्या आसपासच राहतो. त्याला नदी नको आन् गटारही नको. त्याला आपण साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं." मग त्यांनी बॅटरी घेतली आणि आमचे सगळे अंगण पाहिले.

द्राक्षाच्या फवारणीसाठी भरून ठेवलेल्या निळ्या ड्रममध्ये अळ्या होत्या. गोठ्यामागच्या जुन्या टायरात होत्या. एका करवंटीत थोडेसेच पाणी होते, त्यातही होत्या! शेवटी ताईंनी लिंबाला टांगलेले भांडे खाली काढले. ते मी उन्हाळ्यात चिमण्यांसाठी बांधले होते. पाऊस लागल्यावर मी ते विसरून गेले. त्यात पाणी साचून अळ्या वळवळत होत्या.

मला रडूच आले. मी विचारले, "याच डासानं बाळूला चावलं का?" ताई म्हणाल्या, "ते कोणालाच सांगता येणार नाही. डास आधी डेंग्यूच्या आजारी माणसाला चावतो, मग त्याच्याकडून दुसऱ्याला रोग होतो." तरी मला ते भांडे सारखे आठवते.

त्यातल्या थोड्या अळ्या मी बाटलीत घालून शाळेत नेल्या. बाईंनी बाटलीच्या तोंडाला फडके घट्ट बांधले. अळ्या डोके खाली करून शेपटीकडच्या नळीने श्वास घेतात. बाटली हलवली की सगळ्या तळाशी पळायच्या. मग त्यांचे स्वल्पविरामासारखे कोष झाले. कोष काही खात नाही. दोन दिवसांनी फडक्याखाली डास बसलेले दिसले, काळे, पायांवर पांढरे पट्टे. हाच डेंग्यूचा डास. तो दिवसा चावतो. फक्त मादी चावते, कारण तिला अंडी घालायला रक्त लागते. नर फुलातला रस पितो.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करायची. त्याला कोरडा दिवस म्हणतात. पण नुसते पाणी ओतून भागत नाही, हे मला नवीनच कळले. या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटलेली असतात. पाणी नसले तरी ती कित्येक महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी लागले की अळ्या निघतात. निफाडला थंडी फार पडते, तेव्हा डास कमी होतात, म्हणून लोकांना वाटते गेले एकदाचे. पण अंडी तशीच असतात. म्हणून आतून घासायचे. आम्ही काथ्याने घासतो.

हिवतापाचा डास वेगळा. तो रात्री चावतो. पूर्वी लोकांना वाटायचे की हिवताप घाण हवेने होतो. सर रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाई म्हणाल्या, त्यांनी कितीतरी डास चिरून पाहिले होते. एवढासा डास कसा चिरला असेल?

गुरांचा हौद मोठा आहे, तो दर आठवड्याला ओतता येत नाही. त्यात आम्ही गप्पी मासे सोडले. ते अळ्या खातात. दुसऱ्या दिवशी मी बॅटरीने पाहिले, एकही अळी दिसली नाही. मात्र हे मासे नदीत किंवा ओढ्यात सोडायचे नाहीत. ते बाहेरच्या देशातले आहेत, आपल्याकडच्या माशांना त्रास होतो. ड्रमला आम्ही फडके बांधतो. फडके सैल असले तर डास आत जातोच.

टायर टाकून द्यायला आजी तयार नव्हती. ती म्हणाली, "कामाला येईल." मग बाबांनी त्याला खालून भोके पाडली आणि चिंचेला झोका बांधला. आता पाणी साचत नाही. त्यावर बाळूच जास्त बसतो.

चिमण्यांचे भांडे मी पुन्हा लिंबाला बांधले आहे. रोज सकाळी शाळेत यायच्या आधी घासते आणि नवे पाणी भरते.

– इयत्ता ४ थी