अभ्यासपाठ: कायदा घडतो तेव्हा आपण कुठे असतो?

वाचनभाग: गणना २७:१–११



सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी आल्या, त्या भीक मागायला नव्हे. मोशे, याजक आणि सरदार यांच्यासमोर उभ्या राहून त्यांनी वतनाचा नियमच बदलून मागितला, आणि तो बदलला. आदिवासी बांधवांच्या वनजमिनीची कहाणीही अशीच आहे.

मे २००२ मध्ये केंद्राने वनजमिनीवरील ‘अतिक्रमणे’ काढण्याचा आदेश दिला. पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुटुंबे एका कागदाने अतिक्रमक ठरली. तेव्हा देशभरच्या संघटना एकत्र आल्या. आपल्या डहाणू भागातली कष्टकरी संघटनाही त्यांत होती. १३ डिसेंबर २००५ रोजी वनहक्क विधेयक लोकसभेत मांडले गेले. पण त्यात हक्काची मुदत २५ ऑक्टोबर १९८० होती. त्यानंतर कसू लागलेले सगळे बाहेर!

विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले. खासदार किशोरचंद्र देव अध्यक्ष होते. संघटनांनी तिथे आपले म्हणणे मांडले. समितीने मुदत १३ डिसेंबर २००५ पर्यंत आणण्याची आणि इतर पारंपरिक वननिवासींनाही सामावून घेण्याची शिफारस केली. डिसेंबर २००६ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला, त्यात हे दोन्ही बदल आले.

यातून चार धडे घ्यावेत.

१. वेळ साधा. विधेयक समितीपुढे असते तेव्हाच शब्द बदलणे सोपे असते. युरोपीय संसदेतही कायद्याचे बरेचसे काम समित्यांतच होते.

२. नेमके मागा. ‘न्याय द्या’ एवढ्याने भागत नाही. कोणते कलम, कोणती तारीख, काय बदल, ते एका पानात लिहा.

३. ज्याचे दुःख त्यालाच बोलू द्या. आपण सोबत जावे, पुढे नव्हे.

४. मंजुरीनंतर थांबू नका. नियम आणि अंमलबजावणी बाकी असते.

चौथा धडा आपण डोळ्यांनी पाहिला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी आलेले हजारो शेतकरी, बहुतेक आदिवासी, आपल्या वडाळ्याशेजारी सोमय्या मैदानावर थांबले होते. दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून ते रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. कायद्याला अकरा वर्षे उलटून गेली होती, तरी दाव्यांसाठी पायांना फोड आणावे लागले. सरकारने लेखी आश्वासन दिले; तरी मार्च २०२३ मध्ये पुन्हा मोर्चा निघालाच.

ब्लँकेट आणि धान्य देणे आपल्याला जमते, आणि ते द्यावेच. पण खासदाराला एक पत्र लिहिताना आपण ‘हे राजकारण’ म्हणून मागे सरतो. त्या पाच बहिणी मागे सरल्या नाहीत.

चर्चेसाठी

• आपल्या मंडळीने कधी एखाद्या कायद्याविषयी लोकप्रतिनिधीला लिहिले आहे का? नसेल, तर काय आड आले?

• या तिमाहीत आपल्या खासदाराला वनहक्काच्या प्रलंबित दाव्यांविषयी पत्र लिहायला कोण पुढे येईल?