दुबळा संघ आणि तिसरा पक्ष

फुटबॉलचे वेड आम्हां गोमंतकीयांना नवे नाही. इंग्लंडातील प्रीमियर लीगचे सामने रात्री जागून पाहणारे विद्यार्थी आमच्या वर्गांतही आहेत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यात जे वाद रंगतात त्यांतलाच एक प्रश्न आम्ही येथे विचारास घेत आहोत. आपले उत्तम खेळाडू हाताशी असताना एखाद्या संघाने दुय्यम खेळाडू मैदानात उतरवले, तर त्यास लबाडी म्हणावे की शहाणपण?

प्रथम या स्पर्धेची रचना ध्यानात घ्यावी. तीत २० क्लब असतात. प्रत्येक क्लब इतर प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे हंगामात ३८ सामने खेळतो. विजयास ३ गुण, बरोबरीस १. अखेरीस तळाचे तीन क्लब खालच्या श्रेणीत जातात. ही नुसती नामुष्की नव्हे. दूरचित्रवाणीच्या हक्कांपासून होणारी प्राप्ती एकदम घटते, नामांकित खेळाडू सोडून जातात, आणि क्लबाच्या पगारावर जगणाऱ्या सामान्य नोकरांनाही त्याची झळ लागते. तेव्हा तळाशी झगडणारा क्लब एकेक गुण कृपणाच्या मोहरेप्रमाणे जपतो, यात नवल नाही.

१५ डिसेंबर २००९ रोजी वुल्व्हरहॅम्प्टनचा संघ मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर खेळावयास गेला. तीनच दिवसांपूर्वी त्याने टॉटनहॅमला त्याच्याच घरी १-० असे हरविले होते. परंतु व्यवस्थापक मिक मॅकार्थी यांनी त्या विजयी संघातील गोलरक्षक तेवढा ठेवला आणि बाकीचे दहाही गडी बदलले. सामना ३-० असा गेला. मॅकार्थींचा हिशेब सरळ होता : बलाढ्य युनायटेडपुढे थकलेले पाय झिजवण्यापेक्षा ते पुढच्या रविवारच्या बर्नलीविरुद्धच्या सामन्यासाठी राखावेत. तो सामना वुल्व्हरहॅम्प्टनने २-० असा जिंकला. हंगामाअखेर ते वाचले आणि बर्नली खाली गेले. तथापि प्रत्येक साखळी सामन्यात क्लबाने पूर्ण ताकदीचा संघ उतरवावा असा लीगचा नियम होता. त्यानुसार क्लबास २५,००० पौंडांचा दंड सांगण्यात आला, मात्र त्याची वसुली स्थगित ठेवण्यात आली.

पुढल्याच हंगामात, १० नोव्हेंबर २०१० रोजी, ब्लॅकपूलचे व्यवस्थापक इयन हॉलोवे यांनीही ॲस्टन व्हिलाविरुद्ध दहा बदल केले. पण हे ‘दुबळे’ अकरा जण जिद्दीने लढले. अगदी अखेरच्या मिनिटांत झालेल्या गोलामुळे ते ३-२ असे हरले. ब्लॅकपूललाही २५,००० पौंडांचा दंड झाला, आणि या वेळी तो खरोखरच भरावा लागणार होता. आमच्या मते नियमाची दुखरी नस येथे सापडते. दुबळेपणा ठरवायचा कशावरून? खेळाडूंच्या नावांवरून, की त्यांच्या खेळावरून? त्याच हंगामापासून प्रत्येक क्लबाने प्रौढ खेळाडूंची २५ जणांपर्यंतची यादी नोंदवावी असे लीगने ठरवले होते. जे खेळाडू यादीत लायक, ते मैदानात नालायक कसे? व्यवस्थापक आपल्या गड्यांना रोज सरावात पाहतो. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचे मन थाऱ्यावर नाही, हे त्याला ठाऊक. कचेरीत बसलेल्या समितीने ते कोणत्या तराजूत जोखावे?

शिवाय या तराजूची दोन्ही पारडी सारखी नव्हती. ५ मे २००७ रोजी लिव्हरपूलने फुलहॅमविरुद्ध आपले बहुतेक मुख्य खेळाडू बसवून ठेवले, कारण त्यांचे लक्ष मिलानविरुद्धच्या युरोपीय अंतिम सामन्याकडे लागले होते. फुलहॅम १-० असे जिंकले. हंगाम संपला तेव्हा फुलहॅमचे ३९ गुण झाले, शेफील्ड युनायटेडचे ३८. शेफील्ड खाली गेले. तो एक सामना बरोबरीत सुटता, तरी बाकीचे निकाल तसेच राहिल्यास फुलहॅमची पाळी आली असती. शेफील्डने स्वतःचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर विगनशी गमावला, हेही खरे, आणि ते विसरून केवळ लिव्हरपूलला बोल लावणे न्यायाचे नाही. तरीपण लिव्हरपूलला दंड झाला नाही. श्रीमंत क्लबाचे राखीव गडीही नावाजलेले असतात. त्यांना दुबळे म्हणण्यास जीभ रेटत नाही.

याच्या अगदी उलट कथा मिडल्सब्रोची. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांचे २३ खेळाडू आजारी वा जायबंदी असल्याचे सांगून क्लबाने ब्लॅकबर्नच्या सामन्यास जाण्याचेच टाळले. शिक्षा म्हणून ३ गुण कापले गेले. हंगामाअखेर मिडल्सब्रोचे ३९ गुण उरले आणि ते खाली गेले. ४१ गुणांचे कॉव्हेंट्री वाचले. कोवळी पोरे नेऊन त्यांनी पाच-सहा गोल खाल्ले असते, तरी त्यांचे स्थान टिकले असते! म्हणजे दुबळा संघ उतरवणे हा एके ठिकाणी अपराध, तर दुसऱ्या ठिकाणी तेच कर्तव्य.

मग निवाडा कसा करावा? आम्हांस वाटते, प्रतिस्पर्ध्याचे काय झाले हे पाहू नये. त्याला तर आयता लाभच होतो. पाहावे ते मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्या पक्षाकडे. १७ डिसेंबर २०१९ रोजी लिव्हरपूलचा मुख्य संघ दुसऱ्या स्पर्धेसाठी कतारला गेला होता, म्हणून लीग कपाच्या सामन्यात ॲस्टन व्हिलापुढे क्लबाची कुमार मुले उभी राहिली आणि ५-० अशी हरली. परंतु ती बाद पद्धतीची स्पर्धा. हरणारा आपलेच नुकसान करून घरी जातो. गुणतक्त्याची स्पर्धा तशी नसते. तेथे दिलेले तीन गुण कोणा तरी दूरच्या तिसऱ्याच्या मार्गात धोंड होऊन पडतात.

आणि हा तिसरा पक्ष नेहमी गरीबच असतो असे नाही. वुल्व्हरहॅम्प्टनने युनायटेडला जवळजवळ आंदण दिलेला तो सामना पुन्हा आठवावा. त्या हंगामात विजेतेपद चेल्सीला मिळाले ते ८६ गुणांवर. युनायटेडचे गुण होते ८५.