चाकामागील पडदा

पावसाळ्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतून प्रवास करणाऱ्यास ज्या गोष्टीची ओळख सर्वांआधीं होते, ती म्हणजे येथील काळी माती. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दक्षिणेच्या पठारावर लाव्ह्याचे थर पसरले आणि त्यांचा काळा खडक झाला. तो खडक झिजून ही माती बनली. लोणारचें प्रसिद्ध विवर ह्याच खडकांत आहे, आणि आमच्या शेतकऱ्यांची कपाशी व सोयाबीन ह्याच मातींत पिकते. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हांत आकसून भेगाळते, आणि ओली असतांना ज्यास लागेल त्यास सोडीत नाहीं. ओलावा धरून ठेवण्याचा हा गुण शेतांत लाखमोलाचा; पण ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर तीच माती डांबरी रस्त्यावर आली म्हणजे त्याच गुणाचा दोष होतो. ती मोटारीच्या चाकास चिकटते, चाकाबरोबर फिरते, आणि शेवटीं कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडते. तें अंग बहुधा पायीं चालणाऱ्याचें किंवा सायकलवाल्याचें असतें.

ह्यास उपाय म्हणून चाकामागें रबराचा अगर प्लॅस्टिकचा जो लहानसा पडदा लावतात, त्यास सर्वजण मडफ्लॅप म्हणतात. त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. विषय क्षुल्लक दिसतो. आम्हांसहि तो तसाच वाटत होता. पुढील प्रसंगानें आमचे डोळे उघडले.

जुलै महिन्यांतील एका सकाळीं आम्ही चिखलीच्या रस्त्यानें शाळेकडे येत होतों. चारच दिवसांपूर्वीं आम्हीं एक जुनी लहान मोटार विकत घेतली होती. तिच्या चाकांमागें पडदे नव्हते, आणि नाहींत हें आमच्या ध्यानांतहि आलें नव्हतें. उतारावर एक मुलगा सायकलनें चालला होता. त्यास मागें टाकून आम्ही पुन्हां डाव्या बाजूस आलों व वेळेवर शाळेंत पोंचलों. दुसऱ्या दिवशीं नववीच्या वर्गांत एका विद्यार्थ्याच्या कपाळावर, भुंवईच्या अगदीं वर, पट्टी बांधलेली दिसली.

“कपाळास काय झालें रे?” आम्हीं विचारलें.

“सर, काल एक पांढरी मोटार पुढें गेली. तिच्या चाकाचा खडा उडाला. नंबर पाहणार होतों, पण डोळ्यांत चिखल गेला होता.”

स्थळ तेंच, वेळ तीच, मोटारीचा रंगहि तोच. खडा बोटभर खालीं लागता, तर मुलाचा डोळा गेला असता. तो तास आम्हीं कसा पुरा केला, तें आम्हांसच ठाऊक. मधल्या सुटींत त्या मुलास बाजूस घेऊन ती मोटार आमचीच असल्याचें सांगितलें, आणि सायंकाळीं त्याच्या घरीं जाऊन वडिलांजवळहि तेंच कबूल केलें. ते शेतकरी गृहस्थ. त्यांनीं आधीं पाट मांडला, पाणी दिलें, आणि मग म्हणाले, “सर, तुमी काय मुद्दाम केलं का? पण आता चाकामांगं काई तरी लावून घ्या. रस्त्यानं लेकरं येतात.”

क्षमा मिळाली, परंतु तिच्याबरोबर एक कामहि मिळालें. तें मिस्त्रीकडे न सोंपवितां आपल्या हातांनीं करावें, आणि करण्यापूर्वीं नीट समजून घ्यावें, असें आम्हीं ठरविलें.

प्रथम हा चिखल उडतो कसा, तें पाहूं. दोरीस दगड बांधून गरगर फिरविला व दोरी सुटली, तर दगड वर्तुळांत फिरत राहत नाहीं. सुटला त्या क्षणीं ज्या दिशेनें चालला होता, त्याच दिशेनें स्पर्शरेषेवरून सरळ जातो. टायरवरील मातीचा गोळा म्हणजे असाच दगड, आणि मातीचा चिकटपणा ही त्याची दोरी. बैलगाडीचें चाक मोठें व चाल मंद; म्हणून तेथें ही दोरी तुटत नाहीं. माती चाकावर थरावर थर चढते व गाडीवानास ती काठीनें खरवडावी लागते. लहान मोटारीच्या चाकाची त्रिज्या सुमारें २७ सेंटिमीटर. ताशीं ४० किलोमीटर वेगानें तें फिरूं लागलें म्हणजे मातीच्या कणास वर्तुळांत धरून ठेवण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें ४६ पट ओढ लागते. इतकी ओढ चिखलांत कोठून असणार? तो सुटतो.

चाकाची त्रिज्या टायरवरील अक्षरांवरूनच काढतां येते, हेंहि विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. आमच्या टायरवर १४५/८० आर १२ असें लिहिलें आहे. टायरची रुंदी १४५ मिलिमीटर. तिच्या शेंकडा ८०, म्हणजे ११६ मिलिमीटर, ही टायरच्या बाजूची उंची. आणि आंतील लोखंडी चाकाचा व्यास १२ इंच. त्या व्यासाचे निमे १५२ मिलिमीटर व बाजूचे ११६ मिळून २६८ मिलिमीटर होतात.

आतां पडद्याचें काम पाहूं. जमिनीस टेंकलेल्या बिंदूपासून चाकाच्या मागील बाजूनें जितकें वर जावें, तितका तेथून सुटणारा खडा अधिक उभा चढतो. आमच्या मोटारींत चाकाच्या आंसापासून ३५ सेंटिमीटर मागें चाकावरील कमानीची कड येते, आणि ती जमिनीपासून २४ सेंटिमीटर उंच आहे. कमान तिच्यावरचा चिखल अडविते. तिच्या खालून जाईल तो मोकळा. गणित करून पाहतां असें दिसलें कीं, ताशीं ४० किलोमीटर वेग असतां ह्या कडेखालून ४५ अंशांपर्यंत चढणारा खडा सुटूं शकतो, व हवेचा अडथळा न धरल्यास तो सुमारें ३.१५ मीटर उंच जातो. पडद्याची खालची कड जमिनीपासून १६ सेंटिमीटरवर आणिली, तर ३० अंशांपर्यंतचेच खडे निसटतात आणि सुमारें १.६ मीटरपर्यंत चढतात. म्हणजे मोठ्या माणसाच्या तोंडापर्यंत. कड आणखी पांच सेंटिमीटर खालीं, ११ वर आणिली, कीं कोन २० अंशांचा राहतो व उंची पाऊण मीटरहून कमी भरते. पांच सेंटिमीटर रबरानें खडा डोळ्यांवरून गुडघ्यांशीं येतो!

ह्या गणितांतून आणखी एक नवल कळलें. मोटार पुढें धांवत असल्यामुळें, तिच्या चाकावरून मागें फेंकला गेलेला खडा रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसास मागें जातांना दिसणारच नाहीं. तो वर चढतो आणि किंचित् पुढेंच सरकतो. मागून येणारा मनुष्य स्वतःच्या वेगानें त्यावर जाऊन आदळतो. म्हणून मोठ्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या फार जवळून जाणाऱ्याच्या मोटारीची कांच तडकते. अंतर राखणें हा पडद्याच्या जोडीचा दुसरा उपाय होय.

इतकें समजल्यावर एका शनिवारीं दुपारीं आम्हीं कामास हात घातला. पट्टी बांधलेला तो विद्यार्थीहि आपण होऊन बॅटरी धरावयास आला. कामाचा क्रम असा:

आपल्या मोटारीच्या नमुन्यासाठीं बनविलेला चार पडद्यांचा संच घ्यावा. पुढचे व मागचे, डावे व उजवे पडदे वेगवेगळ्या आकाराचे असतात. ते आधीं जमिनीवर ज्या त्या चाकाजवळ मांडून पाहावे. पडदा टायरच्या रुंदीहून अरुंद नसावा. हत्यारें थोडींच लागतात: एक आंखूड व एक लांब चारमुखी पेचकस, लहान पाना, कुंचला, बादलीभर पाणी आणि फडकें.

मोटार सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्यें ठेवावी आणि चाकांस पुढून व मागून दगड लावावे. पुढच्या उजव्या चाकाचें काम करितांना सुकाणूं पूर्ण उजवीकडे फिरवावें. म्हणजे चाकाची मागील बाजू आंत जाते व हात घालण्यास जागा होते. डाव्या चाकास डावीकडे. मागचीं चाकें वळत नाहींत. तेथें आंखूड पेचकस कामास येतो. जॅक लावून चाक काढल्यास काम सोपें होतें, परंतु नुसत्या जॅकवर तोललेल्या मोटारीखालीं डोकें अगर हात कधींहि घालूं नये. मुलांनीं हें काम वडीलधाऱ्यांवांचून करूं नये.

कमानीची आंतील बाजू प्रथम धुवून कोरडी करावी. तेथें आधींचेच कांहीं स्क्रू असतात. बहुधा त्यांच्याच भोंकांत पडदा बसतो. पडदा जागेवर धरून भोंकें जुळतात कीं नाहीं तें पाहावें, मग स्क्रू काढावे आणि पडदा मध्यें घेऊन पुन्हां घालावे. सर्व स्क्रू आधीं हातानेंच सैल बसवावे. पडदा सरळ झाल्यावर मग एकेक आंवळावा. फार जोर केल्यास प्लॅस्टिक तडकतें. पहिल्याच पडद्यावर आम्हीं ही चूक केली, व त्याच्या कोंपऱ्यास पडलेली चीर अद्याप तेथें आहे.

नवें भोंक पाडण्याची वेळ आली, तर पत्र्यामागें तार किंवा नळी नाहीं अशी खात्री करून घ्यावी. खात्री होत नसेल, तर तेवढें काम मिस्त्रीकडे द्यावें. भोंकाच्या कडेस उघडा पडलेला पत्रा गंजरोधक रंगानें झांकावा. नाहीं तर त्या एका भोंकापासून गंज सुरू होतो. स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे असावे.

शेवटीं सुकाणूं दोन्हीं बाजूंस पूर्ण फिरवून टायर पडद्यास घांसत नाहीं ना, तें पाहावें. चार माणसें बसलीं कीं मोटार खालीं येते. म्हणून जमिनीपासूनचें माप माणसें बसवूनच घ्यावें. पडदा लवचीक असला म्हणजे गतिरोधकावर टेंकला तरी वांकून पुन्हां सरळ होतो. आठ दिवसांनीं सर्व स्क्रू पुन्हां तपासावे. काळी माती पडद्यामागें सांचून राहूं देऊं नये. ओली आहे तोंच पाण्यानें काढावी, वाळल्यावर ती विटेसारखी होते.

ह्या कामास आम्हांस दोन तास लागले. सराईत मिस्त्रीनें तें अर्ध्या तासांत केलें असतें, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करितों.

परंतु पडदे लागले म्हणजे आपण सर्व दोषांतून सुटलों, असें कोणीं समजूं नये. रस्त्यावरील डबक्यांतून चाक गेलें कीं पाणी दोन्हीं बाजूंस फांकतें. त्यास चाकामागचा पडदा मुळींच अडवीत नाहीं. कडेनें चालणाऱ्या बाईचें लुगडें किंवा शाळेस निघालेल्या मुलीचा गणवेश त्यापासून वांचविणारी गोष्ट एकच, आणि ती दुकानांत मिळत नाहीं. ती म्हणजे चालविणाऱ्याचा पाय. वेग निम्मा केला, तर खडा उडण्याची उंची निम्मी न होतां चौथाईवर येते, हेंहि विद्यार्थ्यांनीं स्वतः गणित करून पाहावें. मुलांस शाळेंत सोडावयास येणाऱ्या पालकांसहि आमची हीच विनंती आहे.

मोटारींत बसलेल्यास मागें उडणारा चिखल दिसत नाहीं. आपल्यापासून दुसऱ्यास होणारा पुष्कळसा त्रास असाच आपल्या पाठीमागें घडतो, आणि आपण स्वच्छ कपड्यांनीं वेळेवर पोंचतों. शेजारी कोण, ह्या प्रश्नाचें उत्तर प्रभूनें एका रस्त्यावरच्याच गोष्टींतून दिलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. ती गोष्ट आम्हीं वर्गांत कित्येक वेळां शिकविली होती. आमच्या रस्त्यावरचा शेजारी मात्र आम्हीं मागें टाकून आलों होतों.

त्या विद्यार्थ्याच्या कपाळावर आतां एक बारीक पांढरी खूण उरली आहे. पडदे लावून झाल्यावर त्यानें आमच्या मोटारीमागून सायकल चालवून पाहिली, आणि परत येऊन आपला पांढरा सदरा दाखविला. गुडघ्यांखालीं थोडा चिखल होता. वर एकहि डाग नव्हता.