बिलाची तारीख आणि पंचेचाळीस दिवस

मरोळ एमआयडीसीतल्या गाळ्यांचे हिशेब मी सांभाळते. आमच्याकडे ४५ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत मिळायला हवेत; करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. म्हणजे सगळं तारखेवर अवलंबून.

एकदा एका ग्राहकाकडून येणे बाकीची एक्सेल यादी आली. ५ एप्रिल २०२४च्या बिलाची मुदत २० मेला संपत होती. यादीत मात्र १८ जून दिसत होती. फॉर्म्युला बरोबर होता, तारीख अधिक ४५. पण तिकडच्या संगणकावर तारखेची अमेरिकन मांडणी होती, आधी महिना, मग दिवस. आपल्या सवयीने टाईप केलेलं ०५/०४/२०२४ एक्सेलने ४ मे म्हणून घेतलं. डिलिव्हरी चलान शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा हे उघड झालं.

एक्सेलच्या लेखी तारीख हा एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि ५ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८७. २५/०४/२०२४ ला त्या मांडणीत अर्थच नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणून ती नुसता मजकूर राहते आणि सेलमध्ये डावीकडे चिकटते. बहुतेक जण अशा डावीकडच्या तारखा तेवढ्या नीट करतात आणि पुढे जातात. खरा घात त्यांच्या शेजारी असतो. १ ते १२ तारखांची बिलं दिवस-महिना उलटून, बिनबोभाट उजवीकडे बसलेली असतात.

म्हणून बाहेरून आलेल्या यादीत आधी इजनंबर फॉर्म्युल्याने खऱ्या तारखा वेगळ्या काढा. मग त्यांच्यावर डे फॉर्म्युला लावा. भरपूर बिलं असूनही १२च्या पुढचा एकही दिवस आला नाही, तर तारखा उलटल्या आहेत असं समजा. अशा तारखांना डेट फॉर्म्युल्यात महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना द्या. मजकूर राहिलेल्या तारखांसाठी टेक्स्ट टू कॉलम्समध्ये डीएमवाय निवडा. शेवटी चार-पाच बिलं मूळ चलानाशी ताडून पाहा.

उधारी महिन्याची ठरली असेल, तर ३० मिळवू नका, ईडेट फॉर्म्युला वापरा. प्रत्येक हप्ता मूळ तारखेपासूनच मोजा. ३१ जानेवारी २०२४ वरून २९ फेब्रुवारी येते. तिच्यात पुढचा महिना मिळवलात तर ३१ मार्चऐवजी २९ मार्च हाती येते.

आपण यादी पाठवताना महिना अक्षरांत लिहावा. लहान गाळ्यात महिनाभर अडकलेलं बिल म्हणजे कामगारांचा अडकलेला पगार. म्हणून वसुलीला बसताना आधी तारखा तपासा, रकमा नंतर.