संगणक बदलताना पासवर्ड सांभाळा

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून घरोघरी विंडोज ११ चढवणे चालू आहे. फायली व अ‍ॅप ठेवून चढवले तर ब्राउझरमधले पासवर्ड जागेवर राहतात. डिस्क पुसून नव्याने घातले, की गेले! आमचे असेच गेले; उसाचे बिल खात्यात जमा, अन् खाते उघडेना. क्रोमचे फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले होते हो, पण त्यातल्या पासवर्डांचे कुलूप जुन्या विंडोज खात्याशी बांधलेले असते. फायरफॉक्सला लॉगिन्स.जेसन व की४.डीबी या दोन्ही फायली लागतात. दुसरी म्हणजे किल्लीच. त्यापेक्षा आधीच ब्राउझरच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाईल काढून घ्यावी. ती कोणालाही वाचता येते, म्हणून नव्या ब्राउझरात भरून झाली की पेनड्राइव्हवरूनही पुसावी. दुसऱ्याच्या संगणकावर तर ती उघडूच नये.